रस्त्यांतील क्षण आणि त्याची चौकट

आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच छायाचित्रकाराच्या चित्रांचा एक जाडजूड ग्रंथ गेले कांहीं दिवस आमच्या मेजावर पडून आहे. घरीं येणारा-जाणारा तो हटकून उघडतो, दहा-वीस पानें चाळतो आणि चहा आला म्हणजे मिटून ठेवतो. परवां आमचे एक वृद्ध स्नेही आले होते. संस्कृत साहित्यशास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा. त्यांनीं मात्र ग्रंथ लगेच मिटला नाहीं; चष्मा पुसून पुन्हां पहिल्या पानापासून पाहिला आणि शेवटीं म्हणाले, "चित्रें सुरेख आहेत, परंतु ह्यांत ह्या गृहस्थानें केलें काय? माणूस आपल्या वाटेनें चालला होता, ह्यानें कळ दाबली. घुण लांकूड पोखरीत जातो आणि मधेंच एखादें अक्षर उमटतें. तेवढ्यावरून घुणाला कोणी लेखक म्हणत नाहीं."

घुणाक्षरन्यायाचा हा दाखला आम्हांस त्या वेळीं निरुत्तर करून गेला. आक्षेप जुना आहे, आणि छायाचित्रणाचे भक्त त्याची जितकी थट्टा करतात तितका तो पोकळ नाहीं. स्टुडिओंत काढविलेल्या चित्रांत प्रकाश कोठून यावा, मागें पडदा कोणता असावा, मान किती वळवावी, हें सर्व छायाचित्रकाराच्या हातीं असतें. रस्त्यांत ह्यांतलें कांहींच त्याच्या हातीं नाहीं. सूर्य त्याचा नाहीं, माणसें त्याचीं नाहींत, आणि ज्या क्षणीं त्या माणसांची नजर त्याच्यावर पडते त्या क्षणीं चित्र संपतें, कारण चेहरा सावध होतो. उरल्या गोष्टी दोनच: उभें कोठें राहावें आणि कळ केव्हां दाबावी. अशा चित्राला सोयीसाठीं आम्ही 'बेसावध चित्र' म्हणूं. त्यांतील रचना आणि त्यांतील भाव हीं दोन्ही एवढ्याशा दोन गोष्टींतून कशीं निपजतात, आणि तीं नेहमीं एकत्र नांदतात कीं काय, हेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम यंत्राविषयीं दोन शब्द, कारण त्यावांचून हा प्रकार जन्मासच आला नसता. ऑस्कर बार्नाक ह्या जर्मन कारागिरानें सिनेमाच्या फिल्मवर चालणारा जो लहानसा कॅमेरा तयार केला, तो १९२५ सालीं 'लायका' ह्या नांवानें बाजारांत आला. एका गुंडाळींत ३६ चित्रें, आणि एकेक चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचें, म्हणजे आगपेटीहूनही लहान. तिपाई मांडून डोक्यावर काळें फडकें घेणाऱ्या छायाचित्रकाराला जें साधण्यासारखें नव्हतें, तें कोटाच्या खिशांत कॅमेरा घालून हिंडणाऱ्यास साधूं लागलें. कार्तिए-ब्रेसाँनें १९३२ च्या सुमारास लायका घेतला, त्याचे चकाकणारे भाग काळ्या फितीनें झांकले, आणि बहुतेक सारें आयुष्य ५० मिलिमीटरच्या एका भिंगावर काढलें. त्यापूर्वीं आंद्रे लोत ह्या चित्रकाराच्या हाताखालीं त्यानें चित्रकलेचे धडे गिरविले होते. लोत हा चित्रांतील भूमितीचा मोठा पुरस्कर्ता. आणि शिष्यानें कुंचला ठेवला तरी गुरूची ती भूमिति कांहीं त्यानें कधीं सोडली नाहीं.

ह्या भूमितीचा कळस म्हणून ज्याकडे बोट दाखविण्यांत येतें तें चित्र १९३२ सालचें, पॅरिसमधील सँ-लाझार स्थानकामागचें. पाणी सांचून तळें झालें आहे. त्यांत एक शिडी आडवी पडली आहे, आणि एक गृहस्थ तिच्यावरून पुढें झेपावला आहे. त्याची टांच आतां पाण्याला लागेल, पण अजून लागलेली नाहीं. खालीं पाण्यांत त्याचें उलटें प्रतिबिंब तितकेंच रेखीव. मागच्या बाजूस एक जाहिरात चिकटविलेली आहे, आणि तींतील नर्तकी अशीच उडी घेत आहे. पाण्यांत पडलेलीं वर्तुळाकार कडीं, शिडीच्या समांतर पायऱ्या, कुंपणाचे उभे गज. कोठेंही बोट ठेवावें, रेषेला रेषेचें उत्तर मिळतें.

हें चित्र पाहून आम्हांस दर खेपेस आनंद होतो, हें आम्ही कबूल करतों. परंतु तो आनंद उत्तम श्लेष ऐकल्यावर होतो त्या जातीचा आहे. उडी मारणारा गृहस्थ आणि जाहिरातींतील नर्तकी हें यमक आहे. यमक जुळलें कीं आपण मान डोलावतों आणि पुढें जातों. त्या गृहस्थाविषयीं आपणांस काय वाटलें? त्याची गाडी चुकणार होती काय, त्याचे जोडे नवे होते काय, ह्यांपैकीं कांहीं जाणून घेण्याची इच्छा चित्र होऊं देत नाहीं, इतकें तें स्वतःवर संतुष्ट आहे. शिवाय तें फळ्यांच्या फटींतून घेतलेलें. फट इतकी अरुंद कीं छायाचित्रकाराला समोरचें सारें दिसतही नव्हतें. मागाहून त्याची कड कापावी लागली. आपलें चित्र कोणीं कापूं नये ह्याविषयीं जो आयुष्यभर हट्ट धरून बसला, त्याच्या नांवावर हेंच कापलेलें चित्र सर्वांत अधिक गाजावें, ही त्यांतली गंमत. त्यानें स्वतःही ह्या चित्राचें श्रेय नशिबाला दिलें आहे.

म्हणजे येथें आमच्या स्नेह्यांचा घुण जिंकला म्हणावयाचा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. घुणाला आपण अक्षर कोरलें हें कळत नाहीं. तो तसाच पुढें पोखरीत जातो. छायाचित्रकार थांबतो. ३६ चित्रांच्या पट्टींतून पस्तीस बाजूला सारून एक उचलणें हें वाचकाचें काम आहे, आणि जो आपलें लिखाण वाचूं शकतो तो घुण नव्हे. शिवाय सर्वच चित्रें फटींतून मिळालेलीं नाहींत. त्याच वर्षीं दक्षिण फ्रान्समधील इएर गांवीं घेतलेल्या चित्रांत एका जिन्याचा कठडा गोगलगाईच्या शंखासारखा वळत खालीं गेला आहे आणि खालच्या रस्त्यावरून एक सायकलस्वार सर्रकन् निघून जातो आहे. येथें चौकट आधीं ठरलेली आहे, हें डोळ्यांस उघड दिसतें. कठड्याच्या वेटोळ्याला पूर्ण करील असा कोणी तरी येईपर्यंत थांबणें एवढेंच उरलें होतें. गळ टाकून बसणाऱ्याला मासा कोणता लागेल हें ठाऊक नसतें, पण गळ कोठें टाकावा हें ठाऊक असतें.

आतां भावाकडे वळूं. १९४८ सालीं श्रीनगरास हरिपर्वताच्या उतारावर घेतलेलें चित्र आम्ही सँ-लाझारच्या शेजारीं ठेवून पाहिलें. कांहीं मुसलमान स्त्रिया पहांटे प्रार्थनेस आल्या आहेत, कांहीं उभ्या, कांहीं बसलेल्या. समोर दरी, तिच्यापलीकडे डोंगरांची रांग आणि ढग. त्यांची पाठ आपणांकडे आहे. मधल्या स्त्रीनें तळवे आकाशाकडे करून हात पुढें पसरले आहेत, आणि दूरचे ढग जणूं त्या तळव्यांवर येऊन टेकले आहेत. रचना येथेंही कांटेकोर आहे. उभ्या आकृतींमधील अंतर एका पावलानें कमी-जास्त झालें असतें तर सारा तोल गेला असता. पण येथें आपण रचनेला दाद देऊन पुढें जात नाहीं, तेथेंच रेंगाळतों. ह्याचें कारण आमच्या मतें असें कीं, चित्रकारानें आपणांपासून कांहीं राखून ठेवलें आहे. ह्या बायका काय मागत आहेत हें आपणांस दिसत नाहीं. चेहरा दिसला असता तर आपण तो वाचला असता आणि वाचून मोकळे झालों असतों. पाठ वाचतां येत नाहीं. तिच्यामागें उभें राहून, ती जिकडे पाहते तिकडे पाहावें लागतें. सँ-लाझारमध्यें आपण प्रेक्षक असतों, येथें त्या रांगेंत मागें उभे असतों. आणि साल १९४८ व ठिकाण काश्मीर, हें जो जाणतो त्याच्या मनांत त्या पसरलेल्या हातांचा अर्थ आणखी जड होतो, जरी चित्रांत कोठें बंदूक नाहीं.

येथें एका अडचणीचा उल्लेख केलाच पाहिजे. भाव चित्रांत असतो कीं चित्राखालच्या ओळींत? १९४७ सालीं कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणींत त्यानें घेतलेलें एक चित्र आम्हीं घरांतील मुलांना ओळ झांकून दाखविलें. पुरुषांचा जथा हात वर करून अंग हालवीत आहे. मुलें म्हणालीं, "नाच चालला आहे." मग ओळीवरचें बोट काढलें. फाळणीनें घरादारांतून उठवून लावलेलीं हीं माणसें छावणींतलें रितेपण आणि हताशपणा घालविण्यासाठीं कवायत करीत होतीं. मुलें गप्प झालीं. चित्र तेंच, हात तेच; पण मघां जे आनंदानें वर गेलेले वाटले ते आतां बुडणाऱ्याचे वाटूं लागले. कोणी म्हणेल, मग हें ओळीचें सामर्थ्य, चित्राचें नव्हे. आम्ही म्हणूं, चित्र जर नाचाचें किंवा शोकाचें एकाच बाजूचें असतें तर ओळीला तें फिरवितां आलें नसतें. देहाला उत्साहाचें सोंग आणावयास लावलें म्हणजे तो कसा दिसतो, हें त्या हातांत आधींपासूनच होतें. आपणांस तें पाहण्याची बुद्धि मागाहून झाली, इतकेंच.

शांघायच्या चित्राला अशी ओळ कमी लागते. डिसेंबर १९४८, चीनमधील तें सरकार कोसळण्याच्या बेतांत, चलनाचा पाचोळा झालेला, आणि माणशीं ४० ग्रॅम सोनें मिळणार म्हणून पेढीपुढें हजारोंची रांग. त्या रेटारेटींत कित्येक चिरडून मेले. चित्रांत रांग डावी-उजवीकडे पसरली आहे, पण ती रांग राहिलेली नाहीं. एकाच्या छातीवर दुसऱ्याची पाठ, ह्याचा हात त्याच्या कमरेला, कोणाचें डोकें कोणाच्या खांद्यावर हें समजत नाहीं, आणि ह्या एकजीव झालेल्या लगद्यांतून चेहरे मात्र वेगवेगळे बाहेर डोकावतात. हातांच्या त्या गुंफणींत एक लय आहे. आणि येथेंच आमच्या मनांत पाल चुकचुकते. माणसें गुदमरत असतां त्यांच्या हातांची लय पाहणें, हें कितपत बरें? आम्हीं हें चित्र पुष्कळ वेळां पाहिलें आहे, आणि त्याची रचना सुंदर आहे असें म्हणतांना दर वेळीं जीभ अडखळली आहे. तरीही ही लय नसती तर आपण त्या पानावर इतका वेळ थांबलों नसतों, आणि न थांबतां तो डाव्या बाजूचा घाबरा चेहरा दिसला नसता, हेंही खरें. ह्या दोहोंचा निवाडा आमच्यानें होत नाहीं.

रचना मोडल्यावरही भाव उभा राहूं शकतो, किंबहुना कधीं कधीं मोडल्यामुळेंच उभा राहतो, ह्याचा पुरावा त्याच ग्रंथांत आहे. ३० जानेवारी १९४८ च्या दुपारीं कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीस गांधीजींना भेटून परतला, आणि थोड्याच वेळांत गोळ्या झाडल्या गेल्याची वार्ता त्याच्या कानीं आली. तो धांवत परत गेला. त्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकापाशीं उंच उभे राहून पंडित नेहरू लोकांना ती बातमी सांगत आहेत, तें चित्र त्यानें घेतलें. परीक्षेला बसविलें तर हें चित्र नापास होईल. दिव्याचा पांढरा झोत चौकटींत घुसला आहे, आकृत्या पुसट आहेत, कांहींही धड स्पष्ट नाहीं. लोतच्या शिष्यानें हें कां ठेवलें? कारण त्या रात्रीं त्या गर्दींतल्या कोणालाच कांहीं धड दिसत नव्हतें. कॅमेऱ्यासही दिसलें नाहीं. ज्या वेळीं सारा देश अंधारांत चांचपडत होता त्या वेळीं रेखीव चित्र आलें असतें तर तें खोटें वाटलें असतें. क्षेमेंद्रानें औचित्याला काव्याचें जीवित म्हटलें. आमच्या स्नेह्यांना आम्हीं हें पान त्याच शब्दानें दाखविलें, आणि त्यांनीं प्रथमच घुणाचें नांव काढलें नाहीं.

पुसटपणाचा विषय निघाला आहे तेव्हां एक जुनें आणि एक अलीकडचें चित्र एकत्र पाहण्यासारखें आहे. १८३८ सालीं दागेरनें पॅरिसमधील बुलव्हार द्यु ताँप्ल ह्या वाहत्या रस्त्याचें चित्र घेतलें. त्या काळीं प्रकाश पुरेसा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत; त्यामुळें गाड्या, घोडे, चालणारीं माणसें सारीं नाहींशीं झालीं आणि रस्ता ओसाड उमटला. फक्त एका कोपऱ्यांत जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठीं एका जागीं थांबलेला एक मनुष्य राहून गेला. छायाचित्रांत सांपडलेला बहुधा हाच पहिला माणूस, आणि तो सांपडला तो केवळ थांबला म्हणून. आतां रघु राय ह्यांनीं १९९५ सालीं मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर घेतलेलें चित्र पाहा. राय हे कार्तिए-ब्रेसाँच्याच शिफारशीवरून १९७७ सालीं मॅग्नम ह्या छायाचित्रकारांच्या संस्थेंत गेलेले. परंतु क्षण गोठविण्याचा गुरुमंत्र त्यांनीं येथें मुद्दाम बाजूला ठेवला आहे. भिंग थोडा अधिक वेळ उघडें ठेवल्यानें लोकलमधून उतरलेली गर्दी धुरासारखी वाहून गेली आहे, आणि त्या लोंढ्यांत वर्तमानपत्रांत डोकें घातलेलीं कांहीं माणसें तेवढीं स्पष्ट राहिलीं आहेत. दागेरला जें यंत्राच्या दुबळेपणानें करावें लागलें, तें रायनीं हेतुपूर्वक केलें. चर्चगेटचा फलाट ज्यानें सकाळीं नऊ वाजतां पाहिला आहे त्याला ह्या चित्राची व्याख्या नको. त्या गर्दींत आपण असतों तेव्हां आपणही असेच धूर असतों. कोणी आपला चेहरा पाहिलेला नसतो आणि आपणही कोणाचा पाहिलेला नसतो. ह्या चित्रांत निर्णायक असा एक क्षण नाहीं, पुष्कळ क्षणांची साय आहे, आणि तिचा भाव थकव्याचा आहे असें आम्हांस वाटतें. आमचे एक तरुण मित्र म्हणतात कीं तो उत्साहाचा आहे. ते अजून नोकरीस लागलेले नाहींत.

रंगाविषयीं थोडेंच लिहितों. जयपूरचे रघुवीर सिंग (१९४२–१९९९) ह्यांनीं १९६६ सालीं आपल्याच शहरांत कार्तिए-ब्रेसाँला काम करतांना पाहिलें, त्याच्यापासून ते पुष्कळ शिकले, आणि त्याचा काळा-पांढरा मात्र त्यांनीं नाकारला. काळ्या-पांढऱ्यांत जो एक विषाद आहे तो पश्चिमेचा, हिंदुस्थानची दृष्टि रंगांतूनच पाहते, असें त्यांचें प्रतिपादन होतें. हें मत आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं. श्रीनगरच्या त्या चित्राला रंगाची उणीव भासत नाहीं. परंतु हावड्याच्या पदपथावरील आरशांच्या दुकानाचें त्यांचें १९९१ सालचें चित्र पाहिलें म्हणजे वाद तात्पुरता थांबतो. आरशांत रस्ता तुकड्या-तुकड्यांनीं शिरला आहे, एका चौकटींत चार चौकटी झाल्या आहेत, आणि कोणतें माणूस आरशांतलें व कोणतें बाहेरचें हें सांगण्यास केवळ रंगाचाच आधार आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हें सर्व लिहावयास बसलों तिकडे येतों. कार्तिए-ब्रेसाँचा १९५२ सालचा ग्रंथ इंग्रजींत 'निर्णायक क्षण' ह्या अर्थाच्या भारदस्त नांवानें प्रसिद्ध झाला. मूळ फ्रेंच नांव तितकें भारदस्त नाहीं. परवान्यावांचून माल विकणारा फेरीवाला शिपाई दिसतांच ज्या लगबगीनें गांठोडें बांधून पळतो, त्या चोरट्या घाईचा शब्द त्या नांवांत आहे. आम्हांस हें नांव अधिक प्रामाणिक वाटतें. बेसावध चित्र ही चोरी आहे. जिचें चित्र घेतलें तिला विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर चित्र राहिलें नसतें.

ही चोरी एकदां आमच्या घरीं झाली आहे. चाळीसांहून अधिक वर्षांपूर्वीं दादरच्या फुलबाजारांत पावसांत एका माळणीची पाटी कलंडली. आमची मावशी तेथें उभी होती. ती पदर दांतांत धरून, वाकून, चिखलांतली शेवंती गोळा करूं लागली. कोणा छायाचित्रकारानें तें टिपलें आणि पुढल्या आठवड्यांत एका सचित्र साप्ताहिकांत तें अर्धें पान भरून छापून आलें. नांव नव्हतें, पण चाळींत नांवाची गरज नव्हती. काकांना राग आला. मावशी दोन-तीन दिवस खालीं उतरली नाहीं. दांतांत पदर धरलेली आपण सगळ्या मुंबईनें पाहिली, एवढेंच ती म्हणे. त्या छायाचित्रकाराला दोष द्यावा तर त्यानें टवाळी केलेली नव्हती, आणि न द्यावा तर तिची लाज खरी होती. ह्या कोड्यापुढें सौंदर्यशास्त्र आम्हांस अपुरें वाटतें.

ती वारल्यावर तिची ट्रंक उघडली. खालीं, पैठणीच्या घडींत, तें पान होतें. टीकाकार म्हणून आम्हीं तें नीट पाहिलें. रचना बेताची आहे: उजवीकडे बसचा अर्धा भाग नाहक शिरला आहे, आणि माळणीचें डोकें वरच्या कडेनें कापलें गेलें आहे. परंतु लग्नांतल्या, मुंजींतल्या, बारशाच्या साऱ्या चित्रांत मावशी खांबासारखी ताठ उभी आहे. ह्या एकाच चित्रांत ती जशी होती तशी आहे, दुसऱ्याच्या पाटींतलीं फुलें वेंचणारी. पान चौघडी केलेलें होतें. घड्या सारख्या नव्हत्या. चेहऱ्यावरून घडी जाऊं नये म्हणून एक बाजू मुद्दाम अधिक दुमडलेली होती.